धान्य, पिंप आणि ताट

१९५३ साली बिल सॅम्युअल्स या गृहस्थांनी केंटकी राज्यातल्या लोरेटो गावाजवळ एक जुनी डिस्टिलरी विकत घेतली. दारू गाळण्याचा धंदा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, पण वाडवडिलांच्या व्हिस्कीची चव त्यांना पसंत नव्हती. घशाला ओरखडे काढणारी नको, मऊ हवी, असा त्यांचा हेका. आता मका, राय, गहू आणि जव यांचं कुठलं मिश्रण मऊ उतरेल हे ठरवायचं कसं? (राय हे गव्हाच्या जातकुळीतलं, थंडीला दाद न देणारं धान्य आहे, आपल्या फोडणीतल्या राईशी त्याचं नातं नाही.) प्रत्येक मिश्रण गाळून पिंपात भरावं, तर निकाल कळायला पाच-सहा वर्षं जाणार. तोवर डिस्टिलरी बँकेच्या घशात. म्हणून म्हणे त्यांनी त्या मिश्रणांचे पाव भाजून खाल्ले. ज्या पावात रायऐवजी गहू होता तो सगळ्यांत चवदार लागला आणि तेच प्रमाण व्हिस्कीसाठी कायम झालं. १९५८ मध्ये पहिली बाटली बाजारात आली. तिचं ‘मेकर्स मार्क’ हे नाव, बाटलीचा घाट आणि मानेवरून ओघळलेलं लाल मेण या तिन्ही गोष्टी बिल यांच्या पत्नी मार्जी सॅम्युअल्स यांच्या. मेणात बाटल्या बुडवण्याचे पहिले प्रयोग त्यांनी घरच्या तळणीच्या भांड्यात केले.

पावाची ही गोष्ट कंपनी फार हौसेने सांगते, त्यामुळे तिच्यात मीठमसाला किती हे सांगणं कठीण. पण व्हिस्की गाळणाऱ्याची खरी अडचण तिच्यात नेमकी सापडते. धान्य त्याच्या हातात असतं, काळ नसतो. अमेरिकेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या शेकडो लहान डिस्टिलऱ्या निघाल्या, त्यांच्या यशापयशाचं कारण बहुतेक वेळा या दोन गोष्टींतच असतं. आणि व्हिस्कीबरोबर काय खावं हा प्रश्नही शेवटी तिथेच येऊन थांबतो: पेल्यात धान्य जास्त आहे की लाकूड?

आधी कायदा, कारण अमेरिकन व्हिस्कीची चव बरीचशी कायद्याने ठरवलेली आहे. बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. गाळताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, नाहीतर धान्याचा वास उडून जातो. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून जास्त नको, बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. वरून रंग नाही, स्वाद नाही; घालायचं ते फक्त पाणी. आणि पिंप ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरं करकरीत हवं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला चालत नाही. रायचे नियम जवळजवळ तेच, फक्त ५१ टक्के मक्याच्या जागी राय. (राय हे गव्हाच्या जातकुळीतलं, थंडीला दाद न देणारं धान्य आहे, आपल्या फोडणीतल्या राईशी त्याचं नातं नाही.) टेनेसीत आणखी एक पायरी असते: ताजी दारू साखरी मेपलच्या कोळशातून थेंब थेंब पाझरू देतात आणि मग पिंपात भरतात.

बर्बन केंटकीतच होते, ही समजूत चुकीची आहे. ती अमेरिकेत कुठेही करता येते. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून तिला देशाचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हटलं. गंमत म्हणजे पिंपात ती किती काळ ठेवायची याला साध्या बर्बनसाठी किमान मर्यादाच नाही. ‘स्ट्रेट’ म्हणायचं तर दोन वर्षं लागतात, आणि चार वर्षांहून कोवळी असेल तर वय लेबलवर छापावं लागतं. सगळ्यांत कडक नियम ‘बॉटल्ड इन बाँड’चे: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. हा कायदा १८९७ चा. त्या काळी व्यापारी कच्च्या स्पिरिटमध्ये तंबाखूचं पाणी आणि काय काय घालून ‘जुनी व्हिस्की’ खपवत. भेसळीविरुद्ध सरकारने ग्राहकाला दिलेली ती हमी होती आणि आजही लेबलवरचे ते तीन शब्द पैसे वाचवतात.

लहान डिस्टिलरी ही अमेरिकेला नवी नाही. एके काळी ती शेतीचाच भाग होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी केलेलं बंड १७९४ मध्ये फौज नेऊन मोडलं. आणि १७९७ मध्ये, पद सोडता सोडता, स्वतःच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर डिस्टिलरी काढली. ही कल्पना त्यांचा स्कॉटिश कारभारी जेम्स अँडरसन याची. ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के मोड आणून वाळवलेले जव (माल्ट), असं तिचं प्रमाण. १७९९ मध्ये तिथे सुमारे ११ हजार गॅलन, म्हणजे ४० हजार लिटरच्या वर व्हिस्की निघाली. पिंपात मुरवण्याची भानगड नव्हती. पाण्यासारखी पांढरी दारू तशीच विकली जाई. गाळून उरलेला चोथा डुकरांना जाई. डुकरांचं हॅम आणि व्हिस्की एकाच आवारातून बाहेर पडत. दोघांची जोडी कुणा शेफने जमवलेली नाही.

तिथे प्रत्यक्ष भट्टीवर राबत होते ते सहा गुलाम. टेनेसीत पुढे जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवली तीही नेथन ‘निअरेस्ट’ ग्रीन या गुलामीत जन्मलेल्या माणसाने. जॅक डॅनियलच्या कंपनीने हे २०१६ च्या सुमारास उघडपणे सांगायला सुरुवात केली. तोवर लेबलवर दीडशे वर्षं एकाच माणसाचं नाव झळकत होतं.

मग १९२० ची दारूबंदी आली. ती १९३३ च्या ५ डिसेंबरला उठली तेव्हा शेतावरच्या भट्ट्या संपल्या होत्या. औषधी व्हिस्की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याचा परवाना असलेल्या मोजक्या कंपन्या तग धरून राहिल्या, आणि पुढची पन्नास वर्षं बाजार मोठ्यांचाच झाला. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेत घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, घरी दारू गाळायला नाही. त्यामुळे बिअरमध्ये जी हौशी पिढी तयार झाली तशी व्हिस्कीत झाली नाही. सुरुवात झाली तीही फळांच्या ब्रँडीपासून: १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात यॉर्ग रुप्फ यांची सेंट जॉर्ज, १९८५ मध्ये ओरेगनमध्ये स्टीव्ह मॅकार्थी यांची क्लिअर क्रीक. मॅकार्थी यांच्या घराण्याच्या नासपतीच्या बागा होत्या. व्हिस्कीला हात घातला फ्रिट्झ मेटॅग यांनी. डबघाईला आलेली सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी विकत घेऊन वाचवणारे हे गृहस्थ. १९९३ मध्ये त्यांनी ब्रुअरीतच तांब्याचं भांडं बसवलं आणि शंभर टक्के माल्ट केलेल्या रायची ‘ओल्ड पोट्रेरो’ गाळली. तेव्हा राय व्हिस्की जवळजवळ म्हाताऱ्यांचं पेय झालं होतं. ती पुन्हा फॅशनमध्ये आली त्याचं थोडंफार श्रेय मेटॅग यांना द्यावंच लागेल.

आता एखाद्या लहान डिस्टिलरीत शिरू. सकाळी पहिला वास येतो तो मक्याच्या कण्या शिजत असल्याचा. भरडलेला मका उकळीच्या जवळ शिजवतात, पासष्ट अंशांच्या आसपास थंड झाला की मोड आणून वाळवलेले जव घालतात. त्या जवांतली एन्झाइम पिष्टाची साखर करतात. घट्ट खळ तासाभरात पातळ आणि गोड होते. तीस अंशांवर यीस्ट सोडलं की तीन-चार दिवस ते फसफसतं. मागच्या घाण्यातलं आंबट पाणी थोडं पुढच्या घाण्यात घालायची जुनी रीत आहे, ‘सावर मॅश’. ती नीट शास्त्रावर बसवली एकोणिसाव्या शतकात केंटकीत आलेल्या जेम्स क्रो या स्कॉटिश डॉक्टरने. आम्लता ठरावीक राहते, नको ते जंतू वाढत नाहीत आणि प्रत्येक घाणा मागच्यासारखा उतरतो. हाती येतं ते आठ-दहा टक्के अल्कोहोलचं आंबूस आंबवण.

ते तांब्याच्या भांड्यात तापू लागलं की माणसाची परीक्षा सुरू होते. नळीतून आधी येतात ‘हेड्स’. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा त्यांचा वास नाकात चढतो. ते बाजूला काढायचे. हळूहळू तो वास मागे पडतो आणि शिजलेल्या मक्याचा, थोडा फुलांचा, गोडसर वास पुढे येतो. हे ‘हार्ट्स’, व्हिस्की होणार ती एवढ्याच भागाची. बऱ्याच वेळाने ओल्या पुठ्ठ्यासारखा वास डोकावतो: ‘टेल्स’ आले. पण टेल्समध्येच तेलकट, धान्याचे भारी वासही असतात; फार लवकर तोडलं तर व्हिस्की पोकळ होते, उशिरा तोडलं तर घाण. मोजमापाची यंत्रं असतातच, तरी चालवणारा दोन थेंब तळहातावर चोळतो, नाकाशी नेतो आणि मग नळी वळवतो. केंटकीतल्या बड्या कारखान्यांत काही मजले उंच स्तंभ दिवसरात्र चालतो आणि तिथे हा निर्णय एकदाच, यंत्र लावताना होतो. लहान भट्टीवर तो रोज होतो. ‘क्राफ्ट’ या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे. बाकी हा शब्द कुणीही लेबलवर छापावा. अमेरिकी सरकारने त्याची व्याख्या केलेली नाही.

नळीतून निघालेली दारू पाण्यासारखी नितळ असते. रंग येतो तो सगळा लाकडाचा. पिंपाच्या आतल्या बाजूला आगीचा लोळ सोडतात, सहसा जास्तीत जास्त पंचावन्न सेकंदांपर्यंत. तेवढं जाळलं की लाकडाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. कोळशाच्या थरामागे लाकडातल्या शर्करा भाजून कॅरमल होतात, लिग्निन फुटून त्यातून व्हॅनिलिन निघतं, ओकमधली लॅक्टोन नारळाचा वास देतात. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आक्रसून बाहेर येते. दर वर्षी तीनचार टक्के, कधी त्याहूनही जास्त, हवेत उडून जाते. केंटकीतल्या गोदामांच्या तापलेल्या वरच्या मजल्यांवर पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त उडतं आणि व्हिस्की वर्षागणिक जहाल होत जाते. थंड, दमट स्कॉटलंडमध्ये उलट घडतं.

नव्या डिस्टिलरीचं घोडं इथेच पेंड खातं. दोनशे लिटरचं पिंप भरून चार वर्षं बसायचं, त्यातलं काही उडून जाताना पाहायचं, आणि तोवर भाडं, पगार, कर्जाचे हप्ते चालूच. बहुतेक जण मधल्या काळात जिन आणि व्होडका विकून दिवस काढतात. त्यांना मुरवावं लागत नाही. काहींनी काळालाच फसवायचं ठरवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या गार्डिनर गावात २००३ मध्ये सुरू झालेल्या टटलटाउन डिस्टिलरीने ‘हडसन बेबी बर्बन’ अगदी छोट्या पिंपांत मुरवली आणि पिंपांना सतत हलतं ठेवण्यासाठी गोदामात स्पीकर लावून ढोलदार संगीतही वाजवलं. युक्ती उघड आहे: एकोणीस-वीस लिटरच्या पिंपात प्रत्येक लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग मोठ्या पिंपाच्या दुपटीहून जास्त मिळतो, रंग झरझर चढतो. पण पिंपात लाकडाचा अर्क उतरणं ही अर्धीच गोष्ट असते. सावकाश हवा लागून तिखट वास मवाळ होणं, आम्लं आणि अल्कोहोल मिळून फळांचे वास तयार होणं, हे सगळं कॅलेंडरच्याच गतीने होतं. छोट्या पिंपातली वर्षाची व्हिस्की म्हणजे दुप्पट पावडर टाकून दोन मिनिटांत उतरवलेला चहा: रंग झकास, जीभ कोरडी. काही बाटल्या याला अपवाद आहेत. पण दुकानात पन्नास-साठ डॉलर मोजताना अपवादावर भरवसा ठेवू नये.

आणखी एक वाट होती, आणि तिच्यावर बरीच गर्दी झाली. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग गावी जुना, अवाढव्य कारखाना आहे. ९५ टक्के रायची उत्तम व्हिस्की तो घाऊक विकतो. ती आणायची, स्वतःची बाटली, स्वतःचं लेबल, आजोबांची एखादी गोष्ट. युटाच्या हाय वेस्टने दुसरीकडची व्हिस्की आणून कुशलतेने मिसळली आणि तसं मोकळेपणाने सांगितलं. त्यात गैर काही नाही. आयोवातल्या टेंपल्टन गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रायवर मात्र ग्राहकांनी दावे लावले, कारण ती गाळली जात होती इंडियानात. २०१५ मध्ये तडजोड होऊन कंपनीने ग्राहकांना भरपाई देऊ केली. धडा साधा आहे. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘डिस्टिल्ड बाय’ आहे की नुसतंच ‘बॉटल्ड बाय’ किंवा ‘प्रोड्यूस्ड बाय’, हे पाहावं. व्हिस्की दुसऱ्या राज्यात गाळली असेल तर त्या राज्याचं नाव लेबलवर असणं बंधनकारक आहे. पुढची गोष्ट वाचायची ती त्यानंतर.

माझ्या मते लहानांतले खरे हुशार ते, ज्यांनी काळाशी कुस्ती न खेळता धान्य बदललं. टेक्सासमधल्या वेको गावच्या बालकोन्सने निळा मका भाजून गाळला. तेलकट, भाजक्या कणसाच्या वासाची ती व्हिस्की कोवळी असूनही पोकळ लागत नाही. शिकागोच्या कोव्हलने २००८ पासून मिलेट, म्हणजे आपण ज्यांना भरडधान्यं म्हणतो त्या कुळातलं धान्य वापरलं. त्यांच्या बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला रायऐवजी तेच असतं. न्यूयॉर्कच्या डिस्टिलऱ्यांनी मिळून ‘एम्पायर राय’ ठरवली: किमान ७५ टक्के राय, आणि तीही त्याच राज्यात पिकलेली. सिअ‍ॅटलच्या वेस्टलँडने नुसत्या जवांची व्हिस्की केली, काही पिंपं तर वायव्येतल्या स्थानिक गॅरी ओकची. या जवाच्या व्हिस्कीला ‘अमेरिकन सिंगल माल्ट’ म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती १९ जानेवारी २०२५ पासून. यशाचं फळ ठरलेलं असतं, बड्या कंपनीची मालकी: हडसन विल्यम ग्रँटकडे गेली, वेस्टलँड रेमी क्वान्ट्रोकडे, बालकोन्स २०२२ मध्ये डियाजिओकडे. याचं मला फारसं दुःख होत नाही. चार वर्षं थांबायला पैसा लागतो आणि तो मोठ्यांकडे असतो. दुःख आहे ते २०२५ मध्ये केंटकीतल्या काही नव्या डिस्टिलऱ्या दिवाळखोरीत गेल्या त्याचं. पिंपं भरून ठेवली होती, पिणारे कमी झाले.

एकदाच वापरायच्या त्या पिंपांचं पुढे काय होतं? ती जगभर जातात. स्कॉच मुख्यतः बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट होते, तीही बर्बन पिऊन मोकळ्या झालेल्या अमेरिकन ओकमध्ये. गोव्याच्या उकाड्यात उडून जाण्याचं प्रमाण स्कॉटलंडच्या कितीतरी पट आहे, म्हणूनच तिथली चार-पाच वर्षांची व्हिस्की चवीला वयाने मोठी वाटते.

आता ताटाकडे. अमेरिकेत व्हिस्की-डिनरचं पेव फुटलंय. प्रत्येक पदार्थाला वेगळी बाटली, आणि वेटरचं भाषण. त्यातलं बरंचसं विसरून दोनतीन गोष्टी धरून ठेवल्या तरी पुरे.

पहिली म्हणजे धूर. हिकरीच्या लाकडावर मांस शिजतं तेव्हा लाकडातलं लिग्निन जळून ग्वायकोल आणि त्याची भावंडं धुरातून मांसावर बसतात. बर्बनच्या पिंपात आत जाळलेल्या ओकमधूनही तीच रसायनं व्हिस्कीत उतरतात. बार्बेक्यू आणि बर्बन एकमेकांना शोभतात याचं कारण जिभेला आधी कळलं, रसायनशास्त्राला नंतर. दुसरी गोष्ट स्निग्धता. पन्नास टक्क्यांची राय नुसती तोंडात घेतली तर बोचते. चरबीदार घासानंतर तीच राय तोंड स्वच्छ करते आणि तिची बोचणी निम्म्यावर येते. तिसरी मीठ. जुन्या बर्बनमध्ये ओकचा तुरट कडवटपणा असतो, आणि मीठ कडवटपणा दाबतं.

या तिन्ही गोष्टी एका ताटात पाहायच्या तर केंटकीच्या ओवेन्सबरो गावाचं मटण पाहावं. बाकीची अमेरिका डुक्कर किंवा बैल भाजते. ओवेन्सबरो मेंढी भाजतं. या भागात लोकरीसाठी मेंढ्या पाळत, आणि लोकर देऊन थकलेल्या मेंढीचं मांस चिवट. ते हिकरीच्या मंद आचेवर, धुरात, तासन्‌तास ठेवायचं आणि वरचेवर आंबट-खारट काळसर पाण्याने भिजवायचं. या ‘ब्लॅक डिप’मध्ये वूस्टर सॉस, व्हिनेगर, मिरे. मटण तंतू तंतू सुटतं, कडेला धुराची काळी साल धरते, आणि मेंढीच्या चरबीचा तो ओळखीचा उग्र वास, जो आपल्याकडे आलं-लसणाने झाकतात, तिथे उघडाच राहतो. या वासापुढे गव्हाची मऊ बर्बन हरते. इथे राय जास्त असलेली बर्बन हवी, पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांची. रायचा मिरी-लवंगेकडे झुकणारा तिखटपणा चरबीला भिडतो आणि पिंपाचा गोडवा आंबट डिपला सांभाळून घेतो.

हॅमचं गणित याच्या जवळचं आहे. केंटकी-टेनेसीचं कंट्री हॅम मिठात मुरवून, धुरी देऊन महिनोन्‌महिने टांगलेलं, खारट म्हणजे खारटच. पातळ काप, छोट्या बिस्किटात (अमेरिकेत बिस्किट म्हणजे मऊसर पाव). त्याबरोबर वयस्क बर्बन घ्यावी. मीठ लाकडाला मऊ करतं. नुसती राय न्यूयॉर्कच्या पास्त्रामीबरोबर, म्हणजे खारवून धुरी दिलेल्या बीफबरोबर, जिच्या सालीवर धणे-मिरे असतात. कोवळ्या, धान्यप्रधान क्राफ्ट व्हिस्कीला मात्र मांसाहून पाव जास्त मानवतो: मक्याचा पाव, लोणी, एखादं मऊ चीज. निळ्या मक्याच्या व्हिस्कीबरोबर मक्याचाच पदार्थ खाऊन पाहावा. गोडाचं बोलायचं तर पिकान पाय ही बर्बनची सख्खी जोडीदारीण. व्हॅनिला, करपलेली साखर आणि अक्रोडासारखा दाणा दोन्हीकडे आहेतच. लुईव्हिलच्या ब्राउन हॉटेलात १९२६ मध्ये जन्मलेलं ‘हॉट ब्राउन’, म्हणजे टर्की, बेकन आणि चीजच्या सॉसमध्ये बुडालेला पाव, हे बर्बनबरोबर हमखास सुचवलं जातं. मला ते जड वाटतं. एवढ्या सॉसखाली व्हिस्की कुठली आहे हे कुणालाच कळायचं नाही.

चाखण्याची रीत साधी. पेला हातात घ्यावा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. म्हणजे नाकपुड्यांना झिणझिण्या येत नाहीत. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. मग चमचाभर पाणी. पाणी घातलं की ग्वायकोलसारखे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात आणि वास खुलतो, असं स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं. जुने ब्लेंडर तर वीस टक्क्यांपर्यंत पातळ करूनच वास घेतात. ‘नीट’, म्हणजे पाण्याविना, पिण्यात मर्दुमकी मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जेवणभर पुरवायची असेल तर सोडा घालून उंच पेल्यात घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडच्या ताटाबद्दल एकच इशारा. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या चेतातंतूंना डिवचतं त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. तांबडा रस्सा आणि पन्नास टक्क्यांची राय एकत्र आली तर चव दोघांचीही कळत नाही, फक्त आग कळते. चखण्याला झणझणीत शेव, मसाला शेंगदाणे ही परमिट रूमची सवय बर्बनला मारक आहे. भाजलेले खारे शेंगदाणे, काजू, तिखट बेताचं ठेवलेलं सुकं मटण, शेवटी तिळाची किंवा शेंगदाण्याची चिक्की, एवढं बास.

लहान अमेरिकन डिस्टिलऱ्यांच्या बाटल्या भारतातल्या दुकानांत क्वचितच दिसतात. दिसतात त्या मोठ्यांच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचं आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर आणलं, तरी त्यावर राज्याचा कर आहेच. तेव्हा अमेरिकेतून कुणी येणार असेल तर त्याला दोन लिटरच्या मुभेत बसतील अशा दोन बाटल्या सांगाव्यात: एक ‘बॉटल्ड इन बाँड’ राय, किमतीला माफक आणि प्रामाणिक, दुसरी ‘डिस्टिल्ड बाय’ लिहिलेली, वेगळ्या धान्याची, लहान डिस्टिलरीची. छोट्या पिंपातली महागडी वर्षाची बर्बन तिथेच राहू द्यावी. आणि महाराष्ट्रात कडक दारू प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, सोबत परवानाही लागतो.